ऐकणाऱ्यांनी राखलेला वारसा

हीरक महोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा या अंकात आपल्या ज्येष्ठ माजी शिक्षकांनी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने घेतला आहे. मी मूळची इतिहासाची शिक्षिका. म्हणून या निमित्ताने इतिहासाचाच एक पाठ आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा संपादक मंडळाकडून मागून घेतली. पाठ्यपुस्तकात तो पाच-सहा ओळींत आटोपतो. प्रत्यक्षात तो मला गेली अनेक वर्षे पुरला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना सातवीची सांचीची सहल आठवत असेल. पहाटेची बस, डब्यातल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी, टेकडीवर पोहोचताच सावलीसाठी होणारी धावपळ. अशाच एका सहलीत दक्षिण तोरणाजवळ मी मुलांना माहिती सांगत होते. तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, “बाई, बुद्धांनी स्वतः काहीच लिहिले नाही ना? मग ते काय म्हणाले हे आपल्याला कसे कळले?” मी म्हणाले, “शिष्यांनी लक्षात ठेवले.” तिने लगेच विचारले, “आणि ते विसरले असतील तर? चुकले असतील तर?”

बसची वेळ झाली होती. मी तो प्रश्न वेळेवर ढकलला, परंतु मनातून तो गेला नाही. एम.ए.च्या अभ्यासात त्रिपिटकाचे नाव घेतले होते, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. मात्र एका मुलीला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शोधताना जे वाचले त्याचे हे सार. ती मुलगी आता माजी विद्यार्थिनी आहे. हा अंक तिच्या हाती पडला, तर उशिरा दिलेले उत्तर म्हणून तिने ते स्वीकारावे.

पाठांतराची शिस्त

भगवान बुद्धांचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व सहावे-पाचवे शतक असा मानला जातो. ते गंगेच्या खोऱ्यात फिरले आणि लोकांच्या बोलींत बोलले. त्यांचा उपदेश संस्कृत छंदात बांधण्याची परवानगी दोन भिक्षूंनी मागितली असता त्यांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत तो शिकावा असे सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. तिच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु धर्माची भाषा कोणती असावी हा प्रश्न त्या संघात विचारला गेला होता, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

परंपरा अशी की, परिनिर्वाणानंतर राजगृहाला भिक्षूंची सभा भरली. आनंदाने उपदेश म्हणून दाखवला आणि एकेकाळी न्हावी असलेल्या उपालीने संघाचे नियम सांगितले. प्रत्येक सूत्राच्या आरंभी सांगणारा आपण हे ऐकले असल्याचे नमूद करतो. तो स्वतःला लेखक म्हणवत नाही, आपण केवळ ऐकणारा आहोत एवढेच म्हणतो. पुढची कित्येक शतके हे साहित्य तोंडीच राहिले.

लेखनाशिवाय एवढे साहित्य टिकेल कसे, अशी शंका आपल्याला येते, कारण आपण पाठांतराची सवय गमावली आहे. ज्यांनी शाळेत पावकी-निमकीपर्यंतचे पाढे म्हटले त्यांना ती येणार नाही. पाली सूत्रांची मांडणी पाहिली की ती पाठ करण्यासाठीच घडवली गेली हे ध्यानात येते. लांब सूत्रे दीघनिकायात, ती 34 आहेत. मध्यम लांबीची मज्झिमनिकायात, ती 152. संयुत्तनिकायात विषयवार गट आहेत. अंगुत्तरनिकायात तर सारी रचना संख्येवर आहे: एका गोष्टीविषयीची सूत्रे, मग दोन गोष्टींची, मग तीन, असे करत अकरापर्यंत. आजच्या वाचकाला कंटाळवाणी वाटणारी पुनरुक्ती हीच त्या साहित्याची स्मरणव्यवस्था होती. एकच वाक्य तीन वेळा आले म्हणजे ते निसटण्याची शक्यता कमी होते. आणि सर्वांनी मिळून म्हटले म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला खटकते. वर्गात सामूहिक पाढे म्हणवून घेणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे काम करणारे लोक कल्पित नव्हते. त्यांची नावे दगडावर आहेत. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांमध्ये कोणी ‘पेटकी’ म्हणजे पिटक जाणणारा आहे, कोणी ‘पंचनेकायिक’ म्हणजे पाचही निकाय जाणणारा आहे. ‘भाणक’ म्हणजे ग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याहून आलेल्या धर्मोत्तरीय संप्रदायाच्या सातिमित नावाच्या भाणकाने केलेल्या दानाचा लेख आहे. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतही हे पाठ घुमत होते. आणि आपल्या सांचीला ‘सुतातिकिनी’ हा शब्द आढळतो. तो एका स्त्रीसाठी वापरलेला आहे. सूत्रे जाणणारी स्त्री असा त्याचा अर्थ. सांचीच्या दानलेखांत भिक्षुणींची संख्या भिक्षूंच्या तोडीस तोड आहे. थेरीगाथेसारखा भिक्षुणींच्या उद्गारांचा संग्रह टिकून राहिला, त्यामागे अशा जाणत्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे मला वाटते.

चुकले असतील तर, हा त्या मुलीचा दुसरा प्रश्न. तो त्या लोकांनाही पडला होता. महापरिनिब्बानसुत्तात त्यासाठी एक कसोटी दिली आहे. कोणी सांगू लागला की हे मी बुद्धांच्या तोंडून ऐकले, अमुक संघाकडून ऐकले किंवा अमुक विद्वान थेरांकडून ऐकले, तर त्याचे लगेच स्वागत करू नये आणि लगेच धिक्कारही करू नये. त्याचे शब्द नीट समजून घ्यावेत, सूत्रांशी आणि विनयाशी ताडून पाहावेत आणि जुळले तरच स्वीकारावेत. इतिहासाच्या पहिल्या तासाला साधनांची चिकित्सा म्हणून आम्ही जे शिकवतो, ते याहून फारसे वेगळे नाही.

एका सम्राटाची वाचनयादी

या साहित्याविषयीचा सर्वांत जुना आणि ज्याच्या काळाविषयी शंका नाही असा पुरावा सम्राट अशोकाचा आहे, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाचा. राजस्थानातील बैराटजवळ 1840 साली कॅप्टन बर्ट यांना एक लेख कोरलेली शिळा मिळाली. ती आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. या लेखात अशोक संघाला अभिवादन करतो, बुद्ध, धर्म आणि संघ यांवरील आपली श्रद्धा सांगतो आणि पुढे सात ग्रंथांची नावे देतो. भिक्षू आणि भिक्षुणींनी, उपासक आणि उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत आणि त्यांवर मनन करावे, अशी इच्छा तो व्यक्त करतो. इथेही शब्द ‘ऐकावेत’ असाच आहे.

ही सात नावे आज उपलब्ध असलेल्या त्रिपिटकात कोठे सापडतात, याचा शोध घेणारा एक महत्त्वाचा निबंध 1912 साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक धर्मानंद कोसंबी. त्यांच्याकडे पुढे येतेच. काही नावांविषयी आजही वाद आहे. पण एका नावाविषयी फारसा वाद नाही, कारण अशोकाने त्याचा विषयही सांगून ठेवला आहे: असत्य बोलण्यासंबंधी राहुलाला केलेला उपदेश. तो मज्झिमनिकायात आहे.

आपल्यासारख्या शाळेसाठी तो फार जवळचा आहे. राहुल हा बुद्धांचा मुलगा, संघातील लहान श्रामणेर. वडील भेटीला येतात, तो आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवतात आणि विचारतात, हे एवढेसे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्यांना लाज वाटत नाही, त्यांचे श्रमणत्व एवढेसेच. मग ते पाणी फेकून देतात, भांडे पालथे करतात, पुन्हा उलटून रिकामे भांडे दाखवतात, आणि प्रत्येक वेळी तेच सांगतात. पुढे विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, मुलगा उत्तरतो. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर आपल्याला आणि दुसऱ्याला तिने त्रास होतो का, हे पाहत जावे.

भांडे, पाणी, आरसा. शैक्षणिक साधनांवर बी.एड.ला मी बरेच काही शिकले, पण इतक्या थोड्या साधनांत इतका मोठा पाठ घेतल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. एका साम्राज्याच्या धन्याने आपल्या आवडीच्या सात पाठांत लहान मुलासाठीचा हा पाठ घातला, याचेही मला अप्रूप वाटते.

ग्रंथ परदेशी, दगड मुके

सिंहली बखरी सांगतात की, अशोकाचा मुलगा महिंद लंकेला जाण्यापूर्वी आपल्या आईला भेटण्यासाठी वेदिसेला, म्हणजे आजच्या विदिशेला, आला आणि तिथल्या टेकडीवरील विहारात राहिला. ती टेकडी सांचीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने बरोबर नेलेले ग्रंथ त्याच्या आणि सोबत्यांच्या स्मरणात होते. लंकेत इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, ते प्रथम लिहून काढले गेले. बखरी म्हणतात, लोकांचा ऱ्हास होताना पाहून भिक्षूंनी हे केले. पाठ असलेली माणसे गेली तर सारेच जाईल, ही भीती त्यामागे होती.

भारतात मात्र पाठाची परंपरा चालूच राहिली. इ. स. 399 मध्ये चीनमधून निघालेला फा-हियान विनयाचे ग्रंथ शोधत आला होता. उत्तर भारतात त्याला आढळले की हे नियम गुरूकडून शिष्याकडे तोंडीच जातात, उतरवून घेण्यासाठी पोथीच नाही. पोथीसाठी त्याला पाटलिपुत्रापर्यंत जावे लागले. पुढच्या शतकांत अनेक कारणांनी विहार ओस पडले. विहार गेले तसे म्हणणारे गेले, नकलून घेणारे गेले. जे साहित्य या भूमीवर जन्मले ते लंका, ब्रह्मदेश आणि सयाम येथे पालीत, तर चीन आणि तिबेटात भाषांतरांत राहिले.

दगड तर इथेच होते, पण ते वाचणारे उरले नाहीत. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या कष्टाने दिल्लीला आणवले. त्यांवरील अक्षरे वाचण्यासाठी विद्वानांना बोलावले, पण कोणालाही ती वाचता आली नाहीत. इतिहास शिकवताना मी या प्रसंगापाशी नेहमी थांबते. लेख शाबूत, दगड शाबूत, त्या भाषेच्या लेकी-नाती असलेल्या भाषा बोलणारे लाखो लोक आसपास, आणि तरी वाचता येणारा एकही नाही. लिपी कोणी पुसली नव्हती. फक्त ती शिकवणे मध्येच कधीतरी थांबले होते.

‘दानं’ या शब्दाची किल्ली

ही कोंडी फुटली ती आपल्याच सांचीमुळे. 1818 साली जनरल टेलर यांनी झाडीत हरवलेले हे स्तूप पाहिले. 1837 साली तेथील कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. प्रिन्सेप टांकसाळीतील अधिकारी होते. त्यांच्या लक्षात आले की हे सुटे सुटे लेख बहुतेक एकाच अक्षरजोडीने संपतात. देवळात भाविक आपल्या देणगीची नोंद करतात तशीच ही नोंद असेल, तर शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. द आणि न ही अक्षरे मिळाली, त्यांच्या आधीचा षष्ठीचा प्रत्यय मिळाला आणि ब्राह्मी लिपी उलगडत गेली. त्याच सुमारास लंकेत जॉर्ज टर्नर पाली बखरींचा अभ्यास करीत होते. शिलालेखांतील ‘पियदसी’ म्हणजे अशोक, ही ओळख त्यांनी बखरींतून पटवून दिली. दगड एका देशात आणि त्याची किल्ली दुसऱ्या देशातील पोथीत, असा हा योग होता.

सम्राटांच्या आज्ञांनी जे उघडले नाही ते सामान्य माणसांच्या दानाने उघडले, ही गोष्ट मुलांना सांगताना मला विशेष आनंद होतो. सांचीचे दाते कोण आहेत? गृहिणी, व्यापारी, विणकर, भिक्षुणी. दक्षिण तोरणाच्या एका भागावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांचा लेख आहे. त्याच तोरणावर सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याच्या दानाचाही लेख आहे. ज्या सातवाहनांपासून महाराष्ट्राचा इतिहास सुरू करण्याची आपली रीत आहे, त्यांच्या सेवेतील एका कारागिराचे नाव माळव्याच्या या टेकडीवर दोन हजार वर्षे आहे. आपण मराठी माणसे इकडे शिंदे-होळकरांबरोबर आलो असे आपण म्हणतो. दख्खन आणि माळवा यांची ये-जा त्याहून फार जुनी आहे.

1851 साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी यांनी येथील स्तूप उघडले. तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धांच्या पट्टशिष्यांच्या अस्थी मिळाल्या. त्या लंडनला गेल्या आणि स्वातंत्र्यानंतर, 1952 साली, सांचीच्या नव्या विहारात परत स्थापन झाल्या. दुसऱ्या स्तूपातील करंडकांवर काही आचार्यांची नावे होती. त्यांत मज्झिम होते आणि साऱ्या हिमवंत प्रदेशाचे आचार्य कासपगोत होते. अशोकाच्या काळी हिमालयाकडे गेलेल्या धर्मप्रसारकांची नावे सांगताना सिंहली बखरी मज्झिम आणि कस्सपगोत्त हीच नावे देतात. बखरी लंकेत लिहिल्या गेल्या, करंडक सांचीच्या पोटात बंद होते. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिण्याची सोय नव्हती. दोन साक्षीदार परस्परांना न भेटता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा इतिहासकार ती गांभीर्याने घेतो.

हीच रीत पुढे ग्रंथांनाही लागू झाली. लंडनमध्ये 1881 साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि त्रिपिटकाच्या छापील आवृत्त्या निघू लागल्या. चौथ्या-पाचव्या शतकांत चिनी भाषेत उतरवलेल्या आगमांशी पाली निकायांची तुलना सुरू झाली. दोहोंचा बराच गाभा जुळतो; क्रम, प्रसंग आणि तपशील मात्र अनेकदा वेगळे असतात. 1994 साली ब्रिटिश लायब्ररीला मातीच्या मडक्यांतून जपलेल्या भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या मिळाल्या. भाषा गांधारी, लिपी खरोष्ठी आणि काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. एकटे राहण्याचा उपदेश करणारे खग्गविसाणसुत्त पाली सुत्तनिपातात आहे, तेच त्या गुंडाळ्यांतही निघाले. गाथांचा क्रम निराळा, पण गाथा बव्हंशी त्याच. लंका आणि गांधार यांच्यामध्ये सारा भारत पसरलेला आहे. एवढ्या अंतरावर दोन परंपरांनी त्याच गाथा राखल्या.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. होय, ते चुकले असतील, काही ठिकाणी नक्कीच चुकले. पण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे चुकले. म्हणून जिथे सारे जुळतात तो भाग चुकांच्या पलीकडचा, जुना असण्याची शक्यता अधिक. बुद्धांचा प्रत्येक शब्द आपल्या हाती आहे असे म्हणता येत नाही, आणि काहीच हाती नाही असेही म्हणता येत नाही. या दोहोंच्या मधली वाट धरणे, हाच या विषयाचा अभ्यास.

‘बालबोध’चा एक वाचक

हे सारे शोध परदेशी पंडितांनीच लावले, अशी समजूत होण्याचा संभव आहे. म्हणून धर्मानंद कोसंबी यांची कथा सांगितली पाहिजे. जन्म 1876, गोव्यातील साखवाळ. शालेय शिक्षण बेताचेच. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धचरित्रावरचा लेख वाचला आणि त्या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा ध्यास घेतला. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरी पत्नी होती, तान्ही मुलगी होती. या त्यागाचा भार घरच्या माणसांनीही उचलला, हे विसरून त्यांचे गुणगान करणे मला बरोबर वाटत नाही.

पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास करत त्यांनी संस्कृत शिकले. काशीत अन्नछत्रांच्या आधाराने दिवस काढले. बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. अखेर 1902 साली ते लंकेत पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशात राहिले. जे ग्रंथ महिंदाच्या स्मरणात बसून या भूमीतून गेले होते, ते दोन हजार वर्षांनी एका मराठी तरुणाच्या स्मरणात बसून परत आले, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

परतल्यावर कलकत्त्यात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. परंतु हे ज्ञान मराठी माणसापर्यंत पोहोचावे ही त्यांची तळमळ. सयाजीराव गायकवाडांनी, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे या अटीवर, महिना 50 रुपये देऊ केले आणि अधिक वेतनाचे काम सोडून ते आले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. 1912 ते 1918 ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. पु. वि. बापट हे त्यांचे शिष्य. त्यांनी ‘विसुद्धिमग्गा’ची चिनी भाषांतरात उरलेल्या ‘विमुत्तिमग्गा’शी तुलना करून 1937 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूकडून शिष्याकडे जाणारी तुटलेली साखळी अशी आपल्याकडे पुन्हा जोडली गेली.

कोसंबींनी श्रद्धेने वाचले आणि तरीही प्रश्न विचारले. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री घर सोडले, ही कथा आपण सर्वांनी शिकवली आहे. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात दाखवले की, जुन्या सूत्रांत ही दृश्ये विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या कथेत येतात. स्वतःच्या गृहत्यागाविषयी बुद्ध जेथे बोलतात तेथे आईवडील रडत असताना आपण केस-दाढी काढून घर सोडले, एवढेच सांगतात. सुत्तनिपातातील एका सूत्राच्या आधारे, माणसांची आपापसांतील शस्त्रधारी भांडणे पाहून आलेला उद्वेग हे कारण कोसंबी पुढे मांडतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलियांच्या वादाला गृहत्यागाच्या कथेत मध्यवर्ती स्थान दिले. आख्यायिका सुंदर असते. ती वर्गात सांगावीही. पण कोणती गोष्ट आधीची आणि कोणती नंतरची, हे विचारण्याचा हक्क मुलांना आहे, आणि त्या प्रश्नाने कोणाची थोरवी कमी होत नाही.

साठ वर्षांनंतर

हा पाठ मी या अंकासाठी का निवडला, ते आता सांगते. महाराष्ट्रापासून दूर, हिंदीच्या शेजारात, साठ वर्षांपूर्वी काही कुटुंबांनी ही शाळा काढली. आज पहिलीचा पट वर्षागणिक घटतो आहे, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. अनेक माजी विद्यार्थी मला प्रेमाने भेटतात आणि मुलांना मात्र अन्य माध्यमात घातल्याचे थोड्या संकोचाने सांगतात. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. मी कोणाला दोष देत नाही. परंतु फिरोजशाहाने आणलेल्या स्तंभांपुढे उभे असलेले ते विद्वान मला राहून राहून आठवतात. आपल्या घरांतही आजोबांची पत्रे असतात, आजीच्या हस्ताक्षरातली पाककृतीची वही असते, देव्हाऱ्यापाशी पोथी असते. ती शाबूत राहतील. प्रश्न ती वाचणाऱ्याचा आहे.

साहित्य टिकवायला पाषाण पुरत नाही आणि राजाश्रयही पुरत नाही. दर पिढीत थोडी माणसे ऐकणारी, म्हणणारी, पडताळणारी आणि पुढच्याला शिकवणारी लागतात. एखादे मुलांचे मासिक लागते, कारण ते कोणाच्या हाती पडेल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून माझी एक छोटी मागणी आहे. शाळेत दर शनिवारी शेवटचा तास मोठ्याने वाचण्याचा असतो. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी जमेल तेव्हा त्या तासाला यावे, आपल्या आवडीचे एखादे मराठी पान मुलांना वाचून दाखवावे आणि त्यांच्याकडून वाचून घ्यावे. मुले चुकतील. त्यांना दुरुस्त करावे, आणि आपण चुकलो तर त्यांनाही ती मुभा द्यावी.

यंदाची सातवीची सहलही सांचीलाच जाणार आहे. ज्यांना येणे शक्य असेल त्यांनी जरूर यावे. कठड्याजवळ वाका आणि लेखाच्या शेवटी पाहा. उलट्या ठेवलेल्या इंग्रजी ‘टी’सारखे अक्षर दिसेल, त्याच्याजवळ एक टिंब असेल. तो ‘नं’. त्याच्या आधीचा ‘दा’. मुलांना तो शब्द मोठ्याने वाचायला सांगा. कित्येक शतके तो कोणालाही वाचता येत नव्हता, हे त्यांना नंतर सांगितले तरी चालेल.